मेन लाईन मोकळी

संगणकात नवा प्रोग्रॅम घालायला साधारण चार वेळा बटण दाबावं लागतं. पडद्यावरच्या पहिल्या पाटीवर ‘पुढे’, दुसरीवर ‘मान्य आहे’, तिसरीवर पुन्हा ‘पुढे’ आणि शेवटी ‘पूर्ण’. मी घड्याळ लावून पाहिलं आहे, सव्वादोन मिनिटं लागतात. आमच्या वाचनालयाच्या संगणकात आबा हेच काम पावणेदोन तासांत करायचे, आणि त्यातला निम्मा वेळ तिसऱ्या पाटीपुढे जायचा.

तिसऱ्या पाटीवर प्रोग्रॅम विचारतो, मी कुठे राहू? विचारतो म्हणजे जागा त्याने स्वतःच आधी लिहून ठेवलेली असते. सी ड्राइव्ह, त्यात प्रोग्रॅम फाइल्स, त्यात त्याच्या कंपनीचं नाव आणि त्यात तो. शेजारी ‘बदला’ असं एक बारीक बटण असतं. ते बटण मी आयुष्यात कधी दाबलं नव्हतं, आणि दाबणारा माणूसही पाहिला नव्हता. आबांनी अकरा वर्षांत आमच्या संगणकात अडतीस प्रोग्रॅम घातले आणि अडतीस वेळा ते बटण दाबलं.

आबा रेल्वेतून निवृत्त झालेले. पॉइंट्समन म्हणून, म्हणजे रूळ बदलायला, लागले आणि असिस्टंट स्टेशन मास्तर म्हणून बाहेर पडले. राहायला भाज्याला. रोज सकाळी मळवलीहून लोकलने एक स्टेशन येऊन नवाच्या ठोक्याला लोणावळ्यात आमच्या वाचनालयाचं दार उघडायचे. पगार नाही, मानधन नाही. कार्यकारिणीत मी चिटणीस होतो, ग्रंथपाल म्हणून शमीमताई होत्या, आणि आबा कोण होते ते कुठल्याच ठरावात लिहिलेलं नाही. संगणक मात्र त्यांचा होता. म्हणजे वाचनालयाचाच, पण त्यांना विचारल्याशिवाय कोणी माउसलाही हात लावायचं नाही.

नोकरीच्या शेवटच्या वर्षात त्यांनी संगणकाचा तीन महिन्यांचा वर्ग केला होता. त्या वर्गातली हकिगत ते स्वतःच सांगायचे. शिकवणाऱ्या मॅडमनी प्रोग्रॅम कसा घालायचा ते दाखवलं आणि तिसऱ्या पाटीवर न थांबता पुढे गेल्या. आबांनी हात वर केला. ही जागा कोणी ठरवली? मॅडम म्हणाल्या, ती डिफॉल्ट असते काका, पुढे करा. आबांनी विचारलं, “डिफॉल्ट म्हंजी कोन? हुद्दा काय त्याचा?” वर्ग हसला. आबांना अजूनही त्यात हसण्यासारखं काय होतं ते कळलेलं नाही. पस्तीस वर्षं त्यांनी प्रत्येक गाडीला, कुठल्या रुळावर घ्यायचं ते स्वतः ठरवून घेतलं होतं आणि खाली सही केली होती. गाडीनेच येताना रूळ ठरवून यायचं, ही कल्पना त्यांना सहन होण्यासारखी नव्हती.

म्हणून त्यांनी आमच्या संगणकाचं स्टेशन करून टाकलं. सी ड्राइव्ह ही मेन लाईन. तिच्यावर विंडोज धावणार, दुसरं कोणी नाही. मेन लाईनवर गाडी उभी करून ठेवायची नसते, ती मोकळी पाहिजे. डी ड्राइव्ह ही लूप, म्हणजे बाजूचा रूळ. उभं राहायचं असेल त्याने तिथे उभं राहायचं. डीमधल्या फोल्डरांना त्यांनी लोणावळ्यापासून पुण्याच्या दिशेने ओळीने स्टेशनांची नावं दिली. मराठी टायपिंग मळवलीत. पुस्तकांची सूची कामशेतला. मासिकांच्या वर्गण्या कान्ह्याला. वडगावात स्कॅन केलेली मुखपृष्ठं. तळेगाव त्यांनी राखून ठेवलं होतं, मोठं काही आलं तर असावं म्हणून.

यातून गोंधळ व्हायचे. एका वर्षी सरकारी तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, पुस्तकांची सूची कुठे आहे? आबा म्हणाले, “कामशेतला.” साहेब म्हणाले, मग मागवून घ्या, मी थांबतो. आबा म्हणाले, “मागवायची कशाला, हितनंच दिसती की.” साहेबांनी आबांकडे पाहिलं, शमीमताईंकडे पाहिलं, आणि शेऱ्यात ‘अभिलेख संस्थेच्या बाहेर ठेवल्याचे दिसते’ असं लिहिलं. ते पुसून घ्यायला मला तीन पत्रं पाठवावी लागली. तिसऱ्या पत्राला मी सोबत डी ड्राइव्हचा नकाशा जोडला होता.

रोज सकाळी फळ्यावर सुविचार लिहायचं काम शमीमताईंचं. त्याच्या खाली आबा दोन आकडे लिहायचे: ‘मेन मोकळी ४१, लूप मोकळी २१२’. जीबी हा शब्द लिहायचे नाहीत. नवीन सभासदांना ती काहीतरी रेल्वेची माहिती वाटायची. जुने सभासद मात्र पेपर उघडायच्या आधी ते आकडे वाचायचे. एक निवृत्त गुरुजी तर रोज हवापाण्यासारखी चौकशी करायचे.

“आबा, आज मेन लाईनीत दोन कमी?”

“विंडोजनं काईतरी आणून टाकलंय. इचारलं न्हाई.”

“मग आता?”

“आता काय. मालक हाय त्यो लाईनीचा. बघू किती दिस ऱ्हातंय.”

मला स्वतःला हे आकडे आवडायचे, हे कबूल करतो. मी एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये काम करतो. शिल्लक रोज लिहिली पाहिजे हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. पण सुविचाराखाली?

दुसऱ्या पाटीवर, म्हणजे ‘मान्य आहे’वर, आबा आणखी वेगळे थांबायचे. ते अटी वाचायचे. सगळ्या. इंग्रजी-मराठी शब्दकोश मांडीवर घेऊन, मोठ्याने. एका टायपिंगच्या प्रोग्रॅमच्या अटी वाचायला त्यांना एक्केचाळीस मिनिटं लागली, मी शेजारीच बसलो होतो. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि निकाल सांगितला. “इमान चालवायला आन् अणुभट्टीला ह्यो वापरायचा न्हाई म्हनत्यात. वाचनालयाला चालंल.” मग ‘मान्य आहे’ दाबलं. मी थट्टा समजून हसलो. त्यांनी अटींचा छापून घेतलेला कागद माझ्यापुढे धरला, आणि खरोखरच तसं लिहिलेलं होतं.

शेजारी कोणी तरी बसलेलंच पाहिजे, हा त्यांचा सर्वात कडक नियम होता. रेल्वेत म्हणे एका स्टेशनावरून दुसरीकडे गाडी सोडण्याआधी दोन्हीकडचे मास्तर फोनवर बोलतात. लाईन मोकळी असली तर पलीकडचा एक आकडा देतो, अलीकडचा तो लिहून घेतो आणि परत म्हणून दाखवतो. मग गाडी सुटते. एकट्याच्या मनाने गाडी सुटत नाही. आबा ते आमच्याकडे तसंच चालवायचे. ते वाचायचे, “जागा डी, मळवली, टायपिंग.” शेजारच्याने म्हणायचं, “जागा डी, मळवली, टायपिंग.” मग शेजारच्याने मनात येईल तो दोन अंकी आकडा सांगायचा, आबा तो वहीत लिहायचे, पुढे वेळ लिहायचे, आणि बटण दाबायचे. मी नेहमी सत्तावीस सांगायचो. चौथ्या-पाचव्या खेपेला आबा म्हणाले, “चिटणीस, आकडा बदलत चला. पाठ झालेला आकडा झोपंत बी सांगता येतो.”

शमीमताई या नियमाला कंटाळल्या होत्या. त्यांना मागे पुस्तकं लावायची असायची आणि आबा हाक मारायचे. एकदा त्या आकडा म्हणून रॅकमधल्या पुस्तकाचा दाखलक्रमांकच सांगू लागल्या. आबा म्हणाले, दोन अंकी. त्या म्हणाल्या, “आबा, मावशींना घरी डाळीचा डबा हलवायचा असला तरी असंच विचारता का?” आबा गंभीरपणे म्हणाले, “तिनं हलवला की मला सांगती.” पुढे भाज्याला त्यांच्या घरी जेवायला गेलो तेव्हा मी मावशींना, म्हणजे आबांच्या पत्नींना, हे विचारलं. मावशी भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, “सांगते की. न्हाईतर मानूस उपाशी ऱ्हातो. हलवलेला डबा त्यांना दिसतच न्हाई. पन्नास वर्सं मीठ एकाच जागी हाय बघा ह्या घरात.”

खंडाळ्याच्या रस्त्याला एका बंगलेवाल्यांनी आबांची कीर्ती ऐकून प्रिंटर बसवायला त्यांना गाडी पाठवून नेलं होतं. सोबतीला, म्हणजे आकडा सांगायला, मी गेलो होतो. मालक शनिवार-रविवारी येणारे, घाईतले गृहस्थ. आबांनी प्रिंटरची तबकडी, म्हणजे सीडी, घातली, पहिली पाटी आली, दुसरी आली, आणि तिसरी आलीच नाही. जागा न विचारताच हिरवी पट्टी पुढे सरकू लागली. आबांनी ती थांबवली, तबकडी बाहेर काढली, पाकिटात घातली आणि उठले.

“काय झालं?” मालकांनी विचारलं.

“ह्यो जागा इचारत न्हाई.”

“मग?”

“मग ह्याला घरात घेऊ नका.”

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी आबांकडे पाहिलं. परत येताना गाडी नव्हती, आम्ही चालत आलो. वाटेत मी हिशेबाने बोललो. आजकाल दहातले सात प्रोग्रॅम विचारत नाहीत आबा, आणि मोबाईलमधला तर एकही विचारत नाही. आबा म्हणाले, म्हणूनच मी बटणांचा फोन वापरतो. मग थोडं चालून झाल्यावर म्हणाले की, जागा चुकीची निवडली तरी चालते, पण निवडणाऱ्याचं नाव माहीत पाहिजे. काही मोडलं तर कोणाला विचारायचं? तेव्हा मला हे सरकारी नोकरीत मुरलेल्या माणसाचं बोलणं वाटलं होतं.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती माझी आहे, आबांची नाही.

वाचनालयाचं जुनं दाखलपुस्तक लोणावळ्याच्या ओलीने गेलं होतं. पानं पापडासारखी एकमेकांना चिकटली आणि वेगळी करायला गेलं की तुकडे पडायचे. आपल्याकडे पुस्तकं किती आणि कोणती याचा एकही कागद उरला नव्हता. म्हणून मी सूची करायला घेतली. कारखान्याला गुरुवारी सुट्टी. दोन वर्षांत पंच्याण्णव गुरुवार मी रॅकसमोर बसलो आणि एकेक पुस्तक हातात घेऊन संगणकात उतरवलं. नाव, लेखक, पानं, अवस्था. एकूण सहा हजार चारशे बारा पुस्तकं, गुरुवारी सरासरी सदुसष्ट. दर महिन्याला मी सूचीची एक प्रत काढून ठेवायचो आणि तिचा आकार डायरीत लिहायचो. अशा बावीस प्रती होत्या. बावीसच्या बावीस कामशेतच्या फोल्डरमध्ये, मूळ सूचीच्या शेजारी. आबा एकदा म्हणाले होते की बावीस डबे एकाच लाईनीवर उभे करता हे काही बरं नाही. मी म्हटलं, सगळं एका ठिकाणी असलं की सापडतं. स्टोअर्समध्ये आम्ही तसंच करतो.

तपासणीला आठ दिवस उरले होते. मागच्या वेळी साहेबांनी बजावलं होतं की, पुस्तकांच्या पाठीवर क्रमांकाची लेबलं आणि पुरी सूची समोर दिसली नाही, तर वाचनालयाची मान्यता पुढे चालू ठेवण्याची शिफारस करणार नाही. सूची तयार होती. लेबलं राहिली होती. आणि आबा सुदुंबऱ्याला गेले होते, बहिणीच्या नातवाच्या हळदीला. तीन दिवस.

त्या गुरुवारी मी लेबलं छापायचा एक प्रोग्रॅम उतरवून घेतला आणि एकटाच बसलो. शमीमताई मागे होत्या, त्यांना हाक मारायचं मनात आलं आणि मी मारली नाही. आकड्यांचा खेळ करत बसायला वेळ नव्हता. पहिली पाटी, दुसरी पाटी. तिसऱ्या पाटीवर मात्र मी थांबलो. आबांच्या सहवासाचा तेवढा परिणाम झाला होता. मेन लाईनवर नको, हे तर ठरलेलंच. मग कुठे? लेबलांना सूची लागणार, सूची कामशेतला आहे, तेव्हा हाही कामशेतलाच. ‘बदला’ दाबून मी कामशेतचं फोल्डर निवडलं. प्रोग्रॅमने विचारलं, हे फोल्डर आधीपासून आहे, तरी इथेच घालू? मी ‘होय’ म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा जागा निवडल्याचं मला समाधानही वाटलं.

प्रोग्रॅम निरुपयोगी निघाला. आमच्या कागदावर एकवीस लेबलं, तो चोवीसच छापायचा. म्हणून तो काढून दुसरा घालायचं ठरवलं. काढायला गेलो तेव्हा त्याने विचारलं, फोल्डरसकट सगळं काढू? मला वाटलं, त्याचं सगळं. ‘होय’. चार सेकंद लागले. ‘यशस्वीरीत्या काढले’ अशी पाटी आली. मी डी ड्राइव्ह उघडला. मळवली होतं. कान्हे होतं. मधलं कामशेत नव्हतं. कचऱ्याच्या डब्यातही नव्हतं.

मी आबांना फोन लावला. मागे हलगी वाजत होती. काय झालं ते मी सांगितलं. आबांनी मला दोष दिला नाही, अरेरे म्हटलं नाही.

“किती वाजता?”

“अकरा सतरा.”

“त्याच्यानंतर काय दाबलं?”

“काही नाही.”

“खुर्चीवरनं उटा. मशीन हाय तसं ऱ्हाऊ द्या. कुनाला हात लावू देऊ नका. मी निगालो.”

दुपारी अडीचला ते आले. सदऱ्यावर हळदीचे पंजे, कानामागे हळद, कपाळावर तांदूळ. हळद अर्ध्यात टाकून आले होते. वाटेत तळेगावला उतरून तिथल्या संगणकवाल्याकडून गेलेल्या फाइली शोधायचा एक प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घेतला होता. तोवर मी आणि शमीमताई संगणकाच्या दोन बाजूंना स्टुलं टाकून बसलो होतो. गुरुजींना त्या दिवशी पेपर वाचायलाही आत सोडलं नव्हतं.

आबा माझ्या शेजारी बसले. मी पेन ड्राइव्ह लावला. पहिली पाटी आली. दुसरीवर, आश्चर्य म्हणजे, आबांनी अटी वाचल्या नाहीत. तिसरी आली. नेहमीसारखंच, सी ड्राइव्ह, प्रोग्रॅम फाइल्स. मी आता शहाणा झालो होतो. ‘बदला’ दाबलं, डी ड्राइव्ह निवडला, तळेगाव निवडलं. ते मोकळं होतंच. ‘पुढे’वर बाण नेला आणि आबांनी माझं मनगट धरलं.

“तितं न्हाई.”

“तळेगाव पूर्ण रिकामं आहे आबा.”

“लूपवर अपघात झालाय. तुमची पुस्तकं तितंच पडल्याली हायत, नुसती दिसत न्हाईत. त्यांच्यावर आनखी गाडी आनून घालता व्हय?”

“मग कुठे घालू?”

आमच्याकडे दोनच ड्राइव्ह होते, आणि पेन ड्राइव्ह सापडेल ते उतरवायला मोकळा हवा होता. शमीमताईंना ते माझ्या आधी कळलं, कारण त्यांनी तोंडावर पदर धरला. आबा पडद्याकडे पाहत होते. अकरा वर्षं राखलेली मेन लाईन. मी ‘मागे’ दाबलं, आणि प्रोग्रॅमने स्वतः लिहिलेली जागा पुन्हा तशीच समोर आली.

“त्यो म्हनतोय तितंच,” आबा म्हणाले.

मी माउस त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी हात पुढे केला, आखडता घेतला, सदऱ्याला पुसला.

“तुमी दाबा,” ते म्हणाले. “माझ्यानं न्हाई व्हायचं.”

मी दाबलं. आबांच्या वहीतला एकोणचाळिसावा प्रोग्रॅम.

शोध एक तास बावन्न मिनिटं चालला. टक्का वाढला की आबा गाडीची वर्दी द्यावी तसे तो सांगायचे. शेवटी यादी आली, ती एक हजार नऊशे फाइलींची, आणि एकीलाही नाव नव्हतं. नुसते क्रमांक. शमीमताई म्हणाल्या, “आता यातून कसं ओळखायचं?” इथे माझा थोडा उपयोग झाला. डायरीत प्रत्येक प्रतीचा आकार लिहिलेला होता. आकाराप्रमाणे यादी लावली आणि खाली सरकत गेलो. मूळ सूची सापडली, पण उघडेना, मधूनच तुटली होती. बाविसावी प्रत सापडली, अडतीस हजार चारशे सोळा केबी, डायरीतल्या आकड्याशी तंतोतंत जुळणारी. ती पेन ड्राइव्हवर उतरवली. उघडली. शमीमताईंनी रॅकमधून मधली-मधली पुस्तकं आणून ताडून पाहिली. सहा हजार दोनशे सहासष्ट पुस्तकं परत आली होती. एकशे सेहेचाळीस गेली, ती मी रजा टाकून दोन दिवसांत पुन्हा उतरवली. लेबलं शमीमताईंनी हाताने लिहिली. तपासणी झाली. सूची कुठे आहे असं साहेबांनी विचारलं तेव्हा मी आबांच्या आधी उत्तर दिलं, “इथेच.” मान्यता राहिली.

तो शोधायचा प्रोग्रॅम अजून मेन लाईनवर उभा आहे. काम झाल्यावर काढायला गेलो, तर त्यानेही विचारलं, फोल्डरसकट सगळं काढू? आबा म्हणाले, “ऱ्हाऊ दे त्याला.” तेव्हापासून फळ्यावर ‘मेन मोकळी’च्या जागी ते ‘मेन’ आणि पुढे नुसता आकडा लिहू लागले. मोकळी हा शब्द गेला.

पुढच्या महिन्यात कार्यकारिणीची सभा होती. आबांनी कधी नव्हे ती सभेला यायची परवानगी मागितली. आम्ही सात जण, समोर चहा, आणि आबा उभे. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि वाचला. दोन ओळी होत्या. अमुक दिवशी, अमुक वेळी, त्यांच्या सांगण्यावरून सी ड्राइव्हवर एक प्रोग्रॅम उभा करण्यात आला, आणि त्याची जबाबदारी त्यांची आहे. अध्यक्षांना काही समजलं नाही. त्यांनी चांगलं झालं म्हणून मान डोलावली आणि ठराव मांडू का, असं विचारलं.

सूची कशी गेली याबद्दल कागदात एक अक्षर नव्हतं. मी बाजूला घेऊन आबांना म्हटलं, खरी चूक तर माझी होती, ती का नाही लिहिली? आबा म्हणाले की, अपघात झाला की ज्याने त्याने आपापलं लिहून द्यायचं असतं, दुसऱ्याचं लिहायचं नसतं. एवढं बोलून ते खाली बसले आणि चहा घेऊ लागले. सभा थांबली होती. मी कोरा कागद घेतला.

माझं दीड पान झालं. एकट्याने बसलो, हाक मारली नाही, बावीस प्रती एका जागी ठेवल्या होत्या, दोनदा विचारलं असता दोनदा ‘होय’ म्हटलं. काही लपवलं नाही. अध्यक्ष म्हणाले, एवढं कशाला, माणसाच्या हातून होतं. मला बरं वाटलं. मी कागद आबांकडे दिला. ते कुठलाही कागद वाचतात तसा त्यांनी तो वाचला, मोठ्याने, सावकाश, पहिल्या शब्दापासून. सातही जणांना ऐकावं लागलं. शेवटच्या ओळीशी आले तेव्हा त्यांनी चष्मा वर केला.

“चिटणीस, सूची गेली अकरा सतराला.”

“हो.”

“मला फोन आला अकरा एकतीसला. मी लिवून ठेवलंय.”

मी चहाचा कप जवळ ओढला.

“मधी चौदा मिनिटं हायत,” आबा म्हणाले.

त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये उशिरा का झाली, एवढंच त्यांना हवं होतं. शमीमताई माझ्याकडे पाहत होत्या. त्या चौदा मिनिटांत मी खुर्चीवरून उठून, त्यांच्या समोरून मागच्या खोलीत गेलो होतो, मीटरच्या पेटीशी. वीज गेली आणि सूची उडाली, असं सांगता येईल असं मला वाटलं होतं. लोणावळ्यात वीज जाते, कोणालाही पटलं असतं. मेन स्विचवर हात ठेवून मी बराच वेळ उभा होतो. शमीमताईंनी विचारलं होतं, काय पाहताय? मी म्हणालो होतो, धूळ.

आबांनी खिशाचं पेन काढून कागदावर ठेवलं.

“तेवढं लिवा,” ते म्हणाले.

मी लिहिलं. साडेतीन ओळी झाल्या. आबांनी त्याही वाचल्या, मोठ्याने.